समासातलं प्रश्नचिन्ह

भूजलाच्या कामात माझी तीस वर्षं गेली. विहीर कुठे घ्यावी, बोअर किती खोल न्यावा, खाली काळा पाषाण लागेल की मांजऱ्या, हे शेतकऱ्याच्या बांधावर उभं राहून सांगणं हेच माझं काम. या कामातूनच दोन पुस्तकं झाली. पहिलं 2012 साली पुण्याच्या एका प्रकाशनसंस्थेने काढलं, दुसरं 2023 साली मी स्वतः छापलं. तेव्हापासून महिन्यातून एखादा तरी फोन येतो. लिहिणाराच असतो. ‘प्रकाशक गाठू की स्वतःच काढू?’ फोनवर याचं उत्तर नीट देता येत नाही. ऐकणाऱ्याला एका शब्दात हवं असतं आणि माझ्याजवळ तो एक शब्द नाही.

पहिल्या पुस्तकात गावोगावच्या विहिरी होत्या आणि त्यांच्या काठावरची माणसं. हस्तलिखित पाठवल्यावर आठ महिने काहीच कळलं नाही. मग एक दिवस पत्र आलं : भेटायला या. बीडहून रात्रीची एसटी धरून सकाळी पुण्यात उतरलो. सदाशिव पेठेतला अरुंद जिना चढून गेलो, तर संपादक बाई माझं बाड पुढ्यात घेऊन बसल्या होत्या. पहिल्या अकरा पानांवर वरपासून खालपर्यंत पेन्सिलीची एकेक उभी रेघ होती. मी काही बोलायच्या आत त्या म्हणाल्या, ‘‘तुमचं पाणी बाराव्या पानावर लागलंय. त्याआधीचं खोदकाम वाचकाला कशाला दाखवता?’’

त्या अकरा पानांवर मी दोन महिने घालवले होते. पाणी आणि संस्कृती, वेदकाळापासून आजवर, असं सगळं त्यात होतं. बारावं पान सुरू होत होतं ते आष्टी तालुक्यातल्या एका म्हातारीच्या रहाटापासून. घरी येऊन मी दोन्ही वाचलं आणि बाईंचं ऐकलं. पण त्या रेघांपेक्षा माझ्या मनात राहिली ती समासातली लहान लहान प्रश्नचिन्हं. 137 होती, मी मोजली. कुठेही मी जोरात बोललो की तिथे एक प्रश्नचिन्ह. ‘मराठवाड्यातली जुनी बारव कधीच आटत नाही’ असं एक वाक्य होतं, ते लिहिताना मला फार आवडलं होतं. त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह होतं आणि बारीक अक्षरात ‘कधीच?’ एवढंच. 1972 साली मी अकरा वर्षांचा होतो. आमच्या गावच्या बारवेच्या तळाला उतरून, चिखलात वाटी धरून आईने पाणी भरलेलं मी डोळ्यांनी पाहिलं होतं. ते ठाऊक असताना मी ‘कधीच’ लिहिलं होतं, कारण वाक्याला ते शोभत होतं. बाईंना बारव माहीत नव्हती, खडक माहीत नव्हता. पण हा शब्द माहितीतून आलेला नाही, हे त्यांना कळलं होतं.

त्या एका प्रश्नचिन्हामुळे पुस्तकातला सगळ्यात चांगला लेख झाला, तो त्या वाटीवरचा.

पुढे दोन प्रुफं झाली. निर्मिती बघणाऱ्या गृहस्थांनी शेवटच्या प्रुफाच्या प्रत्येक पानावर माझी सही घेतली. तेव्हा मला तो सरकारी सोपस्कार वाटला होता. त्याचा अर्थ अकरा वर्षांनी कळला. हजार प्रतींची आवृत्ती निघाली, किंमत 180 रुपये, मानधन दहा टक्के, म्हणजे प्रतीमागे 18 रुपये. आवृत्ती संपायला सहा वर्षं लागली. पुण्या-मुंबईच्या दुकानांत पुस्तक होतं, ग्रंथालयांत गेलं, दोन चांगली परीक्षणं आली. मात्र ज्या आष्टी, पाटोदा, गेवराईच्या माणसांवर ते लिहिलं, त्यांच्या तालुक्याच्या गावी ते कधी दिसलं नाही. तीस-चाळीस टक्के कमिशन देऊन, वर वाहतूक सोसून, तिथे दोन प्रती ठेवणं कुठल्याच प्रकाशकाला परवडणारं नाही. ही तक्रार नाही, हिशेब आहे.

आवृत्ती संपल्यावर पुनर्मुद्रण करणार नसल्याचं त्यांनी कळवलं. आमचा करार म्हणजे एका पानाचं पत्र होतं आणि त्यात मुदत लिहिलेली नव्हती. 1957च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 19प्रमाणे करारात मुदत नसेल तर हक्क पाच वर्षांपुरतेच दिले, असं धरतात. मला हे तोवर माहीत नव्हतं. एका वकील मित्राने सांगितलं आणि प्रकाशकांनीही हक्क परत केल्याचं पत्र लगेच पाठवलं. लिहिणाऱ्या किती जणांनी आपलं करारपत्र एकदा तरी पूर्ण वाचलं असेल, असं मला तेव्हापासून वाटत आलं आहे.

दुसरं पुस्तक वेगळ्या गरजेतून आलं. निवृत्तीनंतरही माणसं घरी यायची, आणि बहुतेक जण बोअर फेल गेल्यावर यायची. नारळ घेऊन पाणी दाखवणाऱ्याने जागा सांगितली, गाडी आली, रात्रीत चारशे फूट गेलं आणि नुसता फुफाटा निघाला. पैसे सावकाराचे. गाडी बोलावण्याआधी या माणसाने काय बघावं, कुणाला काय विचारावं, आपल्याच शेताच्या उतारावरून आणि शेजारच्या विहिरीच्या थरांवरून काय ओळखावं, एवढंच साध्या भाषेत लिहायचं ठरवलं. सोबत चोवीस आकृत्या.

पहिल्याच प्रकाशकांना ते दाखवलं. त्यांनी वाचून सरळ सांगितलं : पुस्तक चांगलं आहे, पण आमच्या वाचकाचं नाही. मला राग आला नाही. दुसरीकडे गेलो तेव्हा मात्र वेगळाच अनुभव आला. नाव घेत नाही. हस्तलिखित उघडलंही नाही. ‘‘छापू की! तुम्ही तीनशे प्रती घ्यायच्या, पंचावन्न हजार आधी भरायचे.’’ उरलेल्या प्रती किती छापणार, कुठे ठेवणार, याला उत्तर नव्हतं. हक्क मात्र कायमचे त्यांच्याकडे.

मराठीत हा प्रकार फार पसरला आहे, आणि तो स्वयंप्रकाशनही नाही, प्रकाशनही नाही. पैसा लेखकाचा, जोखीम लेखकाची, हक्क आणि नाव दुसऱ्याचं. सगळ्यात जास्त यात भरडले जातात ते तालुक्याच्या गावचे कवी. पहिल्या संग्रहासाठी बायकोचे दागिने गहाण ठेवलेला एक शिक्षक मला माहीत आहे. त्याच्या घरात पलंगाखाली अजून दोनशे प्रती आहेत. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांसाठी अनुदान योजना आहे, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मला फोन करणाऱ्या प्रत्येक नव्या कवीला मी आधी ते सांगतो, बाकीचं नंतर.

त्या दिवसांत जोतीरावांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ मी पुन्हा वाचायला घेतला. 1883 सालचं लेखन. सुरुवातीची प्रकरणं ‘दीनबंधु’त आली आणि पुढची थांबवली गेली, ‘दीनबंधु’ तर त्यांच्याच चळवळीतलं पत्र. जोतीरावांच्या हयातीत ते पुस्तक पूर्ण छापून निघालं नाही. बाईंच्या पेन्सिलीमुळे संपादकाच्या नकाराबद्दल मला आदर होता, आजही आहे. पण नकार भीतीपोटीही येतो, धंद्याच्या गणितातूनही येतो, आणि तेव्हा शेतकऱ्यासाठी लिहिलेलं शेतकऱ्यापर्यंत जात नाही. माझं पुस्तक त्या तोडीचं नाही, हे सांगायला नको. मात्र वाचक तोच होता. मी स्वतः छापायचं ठरवलं.

आयएसबीएनची मला उगाच धास्ती होती. राजा राममोहन रॉय एजन्सीकडे ऑनलाइन अर्ज केला की तो फुकट मिळतो. त्याचे हजार-दोन हजार मागणारे मध्यस्थ कुणी भेटले तर त्यांना नमस्कार करावा. प्रकाशक म्हणून स्वतःचं नाव घातलं की 1954च्या कायद्याप्रमाणे कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि ठरवून दिलेल्या आणखी तीन सार्वजनिक ग्रंथालयांना महिन्याच्या आत प्रत पाठवावी लागते, तीही पाठवली. 160 पानं, डेमी आकार, म्हणजे दहा फॉर्म. छपाई-बांधणी 70,000, अक्षरजुळणी आणि मांडणी 9,600, दोन वेळची मुद्रितं तपासणं 6,400, मुखपृष्ठ 6,000, आकृत्या 12,000. हजार प्रतींना 1,04,000 रुपये. प्रतीमागे 104.

किंमत 220 ठेवली. एका वितरकाशी बोललो. त्याने निम्म्यात मागितलं. म्हणजे माझ्या हातात 110 येणार आणि त्यातले 104 माझेच. सहा रुपये उरणार, तेही त्याचं बिल येईल तेव्हा. पहिल्या पुस्तकात एक पैसा न घालता मला 18 मिळत होते. स्वतः छापलं की सगळा नफा आपला, असं जे म्हणतात, त्यांनी हे गणित एकदा कागदावर मांडावं. दुकानाच्या वाटेने जायचं असेल तर प्रकाशकच बरा. त्याच्याकडे शंभर पुस्तकं असतात, एकाचं दुसऱ्यावर निभावतं.

माझी वाट दुकानाची नव्हती. प्रकाशनपूर्व सवलत ही मराठीतली जुनी पद्धत, ‘ग्रंथाली’ने तर 1975पासून वाचकांनाच धरून पुस्तकं काढली. मी तीच पद्धत व्हॉट्सअ‍ॅपवर वापरली. 180 रुपयांत घरपोच. जलसंधारणाची कामं केलेल्या गावांतून तीनशे दहा प्रतींचे पैसे आधी आले. मग आमच्या भागातल्या कृषी सेवा केंद्रांत गेलो. बियाण्याच्या पिशव्यांशेजारी पाच-पाच प्रती ठेवल्या. प्रतीमागे दुकानदाराला 50. बोअरच्या मोसमात, म्हणजे होळी ते जून, तिथून पुस्तक रोज जायचं. डिसेंबरात मोशीच्या किसान प्रदर्शनात एका ओळखीच्या ठिबकवाल्याने स्टॉलचा कोपरा दिला, तिथे पाच दिवसांत एकशे चाळीस गेल्या. टपालाचा मध्ये ताण आला, नोंदणीकृत पुस्तकांची स्वस्त सेवा बंद झाली तेव्हा. मे 2025पासून ज्ञान पोस्ट आलं आणि 300 ग्रॅमपर्यंतचं पाकीट 20 रुपये अधिक कर एवढ्यात जाऊ लागलं. माझं पुस्तक 230 ग्रॅम भरतं. पुस्तकाचं वजन हीसुद्धा लेखकाने बघायची गोष्ट आहे, हे मला टपाल खिडकीवर कळलं.

आता ज्या दोन गोष्टी मनाला लागल्या, त्या सांगतो.

पुस्तकाचे गठ्ठे ऑगस्टमध्ये टेम्पोने घरी आले. मुलीने सुतळी कापली, पहिली प्रत माझ्या हातात दिली. मी मधलंच पान उघडलं. ‘शेतकर्यांनी’ असं छापलं होतं. पुढच्या ओळीत ‘मांजर्या खडक’. पान उलटलं, तिथेही तेच. मी युनिकोडमध्ये टाइप केलेलं, अक्षरजुळणी करणाऱ्याचा फाँट जुना. शेवटच्या दुरुस्तीनंतर त्याने फाइल पुन्हा एकदा बदलून घेतली आणि त्यात ‘ऱ’चा अर्धा आडवा वळसा जाऊन डोक्यावर रफार बसला. ‘सूर्या’त जो असतो तो. शेतकऱ्यासाठी लिहिलेल्या पुस्तकात ‘शेतकऱ्या’चंच अक्षर मोडलेलं. मुखपृष्ठ वेगळं केलेलं, म्हणून तिथे बरोबर होतं.

जुळणी करणाऱ्याचा दोष मी धरत नाही. शेवटची फाइल छापायला जाण्याआधी कागदावर काढून प्रत्येक पान बघायचं आणि सही करायची, हे काम प्रकाशकाचं. प्रकाशक मीच होतो. पुण्याच्या त्या गृहस्थांनी माझ्याकडून घेतलेल्या एकशे शहात्तर सह्या मला त्या क्षणी आठवल्या. रात्री घरातले सगळे बसलो आणि हजार प्रतींत शुद्धिपत्राच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. पहाटे चार वाजले. कुणा शेतकऱ्याने त्याबद्दल कधी विचारलं नाही. मला मात्र अजूनही पुस्तक उघडताना आधी तेच दिसतं.

दुसरी गोष्ट याहून जड आहे.

पुस्तकाच्या शेवटच्या पानावर मी माझा फोन नंबर छापला होता. पहिल्या पुस्तकात तो नव्हता. सहा वर्षांत मला अकरा पत्रं आली, सगळी प्रकाशकांच्या पत्त्यावरून, सगळी गोड. दुसऱ्याचे फोन रोज येऊ लागले. एप्रिल 2024मध्ये गेवराईकडून एकाचा आला. आवाज शांत होता. ‘‘साहेब, पान 74 वाचून बोर घेतला आम्ही. तीनशे ऐंशी फूट गेलो. पाणी नाही लागलं बघा.’’

पान 74वर डाईकबद्दल लिहिलं आहे. आपल्या बेसाल्टच्या थरांना छेदून कठीण दगडाची एखादी उभी भिंत कधी कधी जमिनीत गेलेली असते, मैलोन्‌मैल. जमिनीखालून उताराने येणारं पाणी तिला अडतं आणि वरच्या अंगाला साठतं. मी लिहिलं होतं : ‘डाईकच्या वरच्या अंगाला पाणी मिळतं.’ त्याने शेतातली डाईक बरोबर ओळखली होती, उतार बरोबर धरला होता. मी दुसऱ्या दिवशी गेलो. शेजारच्या ओढ्यात ती भिंत उघडी पडली होती आणि वरपासून खालपर्यंत तडकलेली होती. तडकलेली डाईक पाणी अडवत नाही, आपल्यातून वाहून नेते. हे मला तीस वर्षांपासून ठाऊक होतं.

घरी येऊन मूळ फाइल उघडली. पहिल्या खर्ड्यात ‘बहुतेक वेळा’ असे दोन शब्द होते आणि पुढे तडकलेल्या डाईकबद्दल एक वाक्य. परिच्छेद एका पानात बसावा, वाचायला सोपा जावा, म्हणून मीच ते काढले होते. मुद्रितशोधकाने ऱ्हस्व-दीर्घ नीट बघितलं. मजकुराला प्रश्न विचारणं त्याचं काम नव्हतं आणि ज्याचं असतं, त्या संपादकाचे पैसे मी वाचवले होते. सगळ्या खर्चात ती एकच ओळ मी गाळली. त्या माणसाचे पन्नास हजारांच्या वर गेले. मी पैसे देऊ केले, त्याने घेतले नाहीत. ‘‘तुम्ही आलात ना बघायला,’’ एवढं म्हणाला आणि चहा पुढे केला. तो चहा मला गिळवत नव्हता. पुढच्या महिन्यात त्याच्याच शेतात दुसरीकडे जुन्या विहिरीच्या थरांवरून मी जागा दाखवली. थोडं पाणी लागलं, एका मोटारीला पुरेल एवढं.

प्रकाशकाकडे छापलं असतं तर ते दोन शब्द राहिले असते, याची मला खात्री आहे. पण मग पुस्तक गेवराईच्या त्या दुकानात पोहोचलंच नसतं आणि चूक झालेली मला कळलीही नसती, याचीही तेवढीच खात्री आहे. या दोन्ही गोष्टी मी एकमेकींसमोर ठेवून खूप दिवस बसलो. आता मला कुणी विचारतं तेव्हा मी उलट विचारतो : तुमचा वाचक तुम्हाला नावागावाने माहीत आहे का? नसेल, तर तो शोधणारा प्रकाशक लागतो, आणि त्यासाठी आठ महिने वाट बघायची तयारी हवी. विहिरींवरचं माझं पहिलं पुस्तक हक्क हातात असूनही मी अजून स्वतः छापलेलं नाही, ते याच कारणाने. वाचक माहीत असेल तर स्वतः काढा. मात्र आधी तुमच्या मजकुरावर पेन्सिल धरणारा माणूस शोधा, त्याला त्याचे पैसे द्या, आणि तो नातलग नसावा.

पहिली आवृत्ती संपत आली, तेव्हा दुसरीची तयारी केली. ‘ऱ’ नीट करून घेतला, शेवटची फाइल कागदावर काढून सगळी पानं पाहिली. पान 74 नव्याने लिहिलं आणि तेवढं एक पान घेऊन पुण्याला बाईंच्या घरी गेलो. त्या आता ऐंशीच्या पुढे आहेत, भिंग धरून वाचतात. बारा ओळींना त्यांना बराच वेळ लागला. मग टेबलावरची पेन्सिल घेऊन त्यांनी ‘बहुतेक वेळा’च्या पुढे समासात ते ओळखीचं प्रश्नचिन्ह काढलं.

‘‘बहुतेक म्हणजे दहात किती?’’

मला सांगता आलं नाही. माझ्या तीस वर्षांच्या क्षेत्रवह्या माळ्यावर पडून आहेत; त्यांत प्रत्येक डाईक, तिच्या दोन्ही अंगांच्या विहिरी आणि पाण्याची पातळी तारखेनिशी लिहिलेली आहे. परत आल्यावर त्या खाली काढल्या. रोज सकाळी एकेक वही उघडून मोजतो आहे. प्रेसवाल्याचा दोनदा फोन येऊन गेला, कागद आणून ठेवलाय म्हणाला. त्याला थांबायला सांगितलं आहे. बीडच्या वह्या झाल्या, जालन्याच्या अजून चौदा राहिल्यात.